टब जुना, लेप कोणता?

एक गाय आणि चौदा कोंबड्या. इनॅमलच्या बाथटबची ही पहिली किंमत! निदान अमेरिकेतली कोहलर कंपनी तरी आपल्या जन्माची गोष्ट अशीच सांगते. १८८३ साली विस्कॉन्सिनमधल्या जॉन मायकल कोहलरने जनावरांची एक बिडाची डोणी भट्टीत लालबुंद तापवली, तिच्यावर इनॅमलची पूड भुरभुरली, खाली चार पाय लावले आणि 'हा घ्या आंघोळीचा टब' म्हणत एका शेतकऱ्याला देऊन टाकली. शेतकऱ्याने रोख काही दिलं नाही. गाय दिली, कोंबड्या दिल्या.

हिंगणघाटला मी जो टब पाहिला, त्याचा प्रवास नेमका उलटा झालेला. कॉलेजातली माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही पुण्यात आयटीत. वर्क फ्रॉम होम कायमचं झाल्यावर दोघांनी बॅगा भरल्या आणि तिच्या आजीच्या जुन्या घरात मुक्काम हलवला. मागच्या परसात, गोठ्याच्या कडेला, हा टब. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिंगणघाट-पुलगावात कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर साहेबांचे बंगलेही. त्यातल्याच कुठल्यातरी बंगल्याचं सामान निघालं, तेव्हा आजोबांनी हा टब भंगाराच्या भावात उचलला होता. कशाला? तर म्हशींना पाणी पाजायला! म्हशी गेल्या, गोठा रिकामा झाला, टब राहिला. गोल काठ, वाघाच्या पंजासारखे चार पाय, आत पांढरं आणि बाहेर तांबेरलेलं.

"इतके वर्स म्हशी पाणी पेल्या त्यात, आता तुमी बसा!" ही आजींची प्रतिक्रिया.

टब बाथरूममध्ये घ्यायचा, हे नातीचं ठरलं होतं. प्रश्न एकच उरला. त्याला आतून कोणता लेप द्यायचा, की जो टिकेल? इथे प्रत्येकाचं मत वेगळं. नवरा म्हणे स्प्रे. मैत्रीण म्हणे ऑनलाइन मिळतं ते किट. शेजारचे काका म्हणे बाहेर काढा आणि चक्क ऑइलपेंट मारा. मी लेखाचा विषय शोधत होतेच, सो या भांडणात मीही उतरले.

'इनॅमल' नावाचा घोळ

पहिली गंमत दुकानात. हार्डवेअरवाल्याला 'टबाला इनॅमल करायचंय' म्हटलं, की तो लगेच फळीवरून डबा काढतो. "हे घ्या ना जी, इनॅमल." डब्यावर तसंच लिहिलेलं असतं. पण ते सिंथेटिक इनॅमल, म्हणजे खिडकीच्या गजांना लावतात तो साधा तेलरंग. टबावरचं इनॅमल ही पूर्णपणे वेगळी चीज. ती आहे काच! काचेची बारीक पूड लोखंडावर टाकून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवतात, आणि ती धातूशी एकजीव होते. आजोळी निळ्या काठाचा पांढरा मग पाहिलाय ना? किंवा दवाखान्यातला तो किडनीच्या आकाराचा ट्रे? तेच ते. पडला की टवका उडतो, पण पापुद्रा कधी सुटत नाही.

या एका शब्दाच्या घोळामुळे जुन्या टबांचं वाटोळं होतं. तेलरंग गुळगुळीत काचेला धरत नाही. दिसायला पहिल्या दिवशी झकास. मग गीझरचं गरम पाणी रोज पडायला लागलं की तो मऊ होतो, फुगे धरतो आणि काही महिन्यांत पाठीला पांढरे तुकडे चिकटून बाहेर येतात. काकांचा सल्ला इथेच बाद.

आधी चुंबक लावा

लेप निवडायच्या आधी आपला टब कशाचा आहे, ते कळायला हवं. फ्रिजवरचं चुंबक आणा. चिकटलं नाही तर फायबर किंवा अॅक्रिलिक; तो वेगळा विषय. चिकटलं तर एकतर पत्र्याचा टब, नाहीतर बिडाचा. मग बोटाच्या पेराने टकटक करा. पत्रा पातेल्यासारखा वाजतो, बीड जड, दबक्या आवाजात. तरीही शंका असेल, तर एक टोक उचलून बघा! बिडाच्या टबाचं वजन सहज शंभर-दीडशे किलोंच्या घरात असतं. त्यात पाणी भरा, माणूस बसवा, की पावणेचारशे-चारशे किलोंचा मामला. वरच्या मजल्यावर बसवणार असाल तर लेपाआधी स्लॅबचं बघा. माझ्या मैत्रिणीचं घर बैठं, म्हणून ती सुटली.

दुसरी तपासणी डोळ्यांची. टब आधी नीट धुवायचा. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. काळ्या पाषाणातून येतं, क्षार घेऊन येतं. त्यामुळे जुन्या टबात जो पिवळट-पांढरा खरखरीत थर दिसतो, त्याला लोक 'इनॅमल गेलं' म्हणतात. अनेकदा ते इनॅमल नसतंच, क्षार असतात. पातळ व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने थोडा थोडा भाग हळूहळू सोडवायचा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकायचा. संडास साफ करायचं अॅसिड मात्र चुकूनही नको. जुनं इनॅमल आम्लाला तोंड देणारं नसतं. क्षार जातात, आणि त्यांच्याबरोबर चकाकीही. मग तो कोरला गेलेला भाग कायम मळ धरतो.

दोन दिवस धुतल्यावर हिंगणघाटच्या टबाने आम्हा सगळ्यांचीच जिरवली. आतलं इनॅमल जवळपास शाबूत! पाणी जायच्या भोकाभोवती टवके उडाले होते, आणि एका काठावर म्हशीची साखळी घासून लोखंड उघडं पडलं होतं. बाकी बऱ्याच ठिकाणी चमक गेलेली, पण काच जागेवर.

बाजारात काय काय आहे

तरीही मैत्रिणीला हवा होता तो हॉटेलातल्यासारखा शुभ्र, आरशासारखा टब. त्यासाठीचे रस्ते असे.

सगळ्यात अस्सल म्हणजे पुन्हा भट्टी. जुनं इनॅमल उडवून काढायचं, नवी पूड, नवी भाजणी. टिकाऊपणात याला तोड नाही. पण एवढा मोठा टब मावेल अशी भट्टी हवी, त्यात जुनं बीड तापताना तडकायची किंवा वाकडं व्हायची भीती. आणि दीडशे किलोंचा ऐवज ट्रकने न्यायचा-आणायचा खर्च. ज्यांच्या टबाला इतिहास आहे आणि खिशाला तळ नाही, त्यांच्यासाठी ठीक.

त्यानंतर ऑनलाइनचं किट. बहुतेकदा दोन डब्यांचं इपॉक्सी. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. ब्रशने किंवा रोलरने लावायचं. इपॉक्सी लोखंडाला घट्ट धरतं, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की उन्हाने ते पिवळं पडतं आणि वरून खडूसारखं भुरभुरीत होतं. खिडकीतून ऊन थेट टबावर येत असेल तर पांढरा टब लवकरच सायीच्या रंगाचा.

तिसरा, नवऱ्याचा लाडका: खाली इपॉक्सी प्रायमर, वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन, म्हणजे गाड्यांवर मारतात तो पीयू. रंग उन्हातही पांढरा राहतो, चमक जबरदस्त. चांगल्या हाताने केलेलं काम काही वर्षं निवांत चालतं. आता 'काही वर्षं' म्हणजे किती? खरं उत्तर डब्यावर नसतं, ते डबा उघडण्याआधीच्या तयारीत असतं. काचेवर रंग धरायचा तर आधी तिची सगळी चमक वॉटर पेपरने घासून मोडायला लागते. साबणाचा, तेलाचा एक थेंब राहता कामा नये. सांध्यातलं जुनं सिलिकॉन तर नखाने शोधून काढायचं, कारण त्याचा अंश जरी राहिला तरी रंग तिथून माशाच्या डोळ्यासारखा गोल सरकतो. जाळीची पितळी रिंग खोलायची. ती तशीच ठेवून रंग मारला की सोलायला सुरुवात तिथूनच. तीन दिवसांच्या कामात रंग मारायचे तास दोन, बाकी सगळी घासाघीस.

पावडर कोटिंग? बाहेरच्या बाजूला छान. आत रोज गरम पाणी साठणार असेल तर माझं मत नाही. टबात टब बसवायचा, म्हणजे अॅक्रिलिकचं अस्तर, हेही काही जण करतात. दोघांच्या मधे एकदा पाणी शिरलं की वास जात नाही.

मे महिन्यात काय होतं?

किटवरच्या सूचना बहुतेक २०-२५ अंशांच्या गावासाठी लिहिलेल्या असतात. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि परसात उन्हात पडलेलं बीड तर हात लावू देत नाही. दोन घटकांच्या लेपाचं गणित साधं आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की जमण्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो. २५ अंशांना जो कालवलेला डबा चाळीस मिनिटं चालतो, तो ४५ ला दहा मिनिटांत जेलीसारखा. ब्रशच्या रेघा पसरायच्या आत गोठतात, स्प्रेची संत्र्याची साल होते. (नागपूर शेजारी असलं तरी ही संत्री नकोत.) पावसाळ्यात उलटं दुखणं. गार लोखंडावर हवेतली वाफ धरते, डोळ्यांना दिसतही नाही आणि लेप तिच्यावर बसतो. पीयूमध्ये ओल गेली की बारीक फेस येतो.

म्हणजे उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेही दिवसा, सावलीत, टब उन्हाने कोमट झाल्यावर. रात्री पारा दहा-बारावर उतरतो, तेव्हा लेप जमायला वेळ लागतो. त्यामुळे पाणी भरायच्या आधी निदान आठवडाभर थांबायचं. मैत्रिणीने किट एप्रिलमध्ये मागवलं होतं. ते खोक्यातच राहिलं आणि माझ्या मते त्या खोक्याने टब वाचवला.

तोंडाला रुमाल

दिवाळीनंतर गावातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या भाऊंना बोलावलं. माणूस कामाला पक्का. टब बघितला, बोट फिरवलं, म्हणाले, "होते ना ताई. जुनं रिमूव्हरनं काढून टाकतो, दोन कोट मारून देतो. गाडीसारखा चमकन." भाव इतका कमी, की नवऱ्याने मनातल्या मनात होकार दिलाही होता.

मी विचारलं, "भाऊ, मास्क?"

त्यांनी गळ्यातला रुमाल वर ओढून दाखवला.

या लेखात इथे थोडं थांबते, कारण बाथटब चमकवण्याच्या बाकीच्या सगळ्या गप्पांपेक्षा हे महत्त्वाचं आहे. अनेक पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं. त्यालाच मिथिलीन क्लोराइड म्हणतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड. खोलीत ती खाली बसते, आणि टब म्हणजे तर तिच्यासाठी आयतं भांडंच. कारागीर काय करतो? वाकतो, डोकं टबात घालून खरवडतो. बाथरूमला हातभर झरोका. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०१२ साली प्रसिद्ध केलं, की २००० ते २०११ या काळात टब नवे करणारे किमान १३ कारागीर या वाफेने मेले. भाजून नाही, पडून नाही, श्वास घेऊन. तिथे २०१९ मध्ये असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आली आणि २०२४ मध्ये बहुतेक व्यावसायिक वापरांवरही बंदीचा नियम झाला. आपल्याकडे डबा घेताना घटकांची यादी वाचा. ती छापलेलीच नसेल तर डबा परत ठेवा.

पीयूचा हार्डनर हे दुसरं प्रकरण. त्यात आयसोसायनेट असतात. स्प्रे केल्यावर ते बारीक थेंबांतून छातीत जातात आणि दम्याला निमंत्रण देतात. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की नंतर थोडासा वासही पुरतो. रुमाल सोडाच, कोविडातला एन-९५ सुद्धा यांच्या वाफेला अडवत नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि उघडी, वाहत्या हवेची जागा. स्वस्तातला भाव स्वस्त का असतो, ते हे.

भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "सकाळी उठलं की छाती भरून येते खरी. मले वाटे, धुळीनं असन." पंचवीस वर्षं गाड्या रंगवतात ते.

आणि एक शिशाचं. जुन्या इनॅमलमध्ये आणि त्याहून जास्त बाहेरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासायचे कागदी किट मिळतात. शंका असेल तर कोरडं घासणं बंद. पाणी मारून, ओलंच खरवडायचं, आणि तो चिखल गोळा करून बांधून टाकायचा. घरात लहान पोर असेल तर हे काम अंगणातसुद्धा नको.

सेवाग्रामचा फंडा

वर्धा जिल्ह्यात टबाचा विषय निघाला की सेवाग्राम टाळून पुढे जाता येत नाही. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले (तेच पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं) आणि मालिश व टबातली आंघोळ हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कुने यांचं जलोपचारावरचं पुस्तक त्यांनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच वाचलं होतं. त्यातलं कटिस्नान, म्हणजे कमरेपर्यंत पाण्यात बसायचं आणि पाय बाहेर, यावर त्यांचा भरवसा अखेरपर्यंत राहिला. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तो याच ओढीतून. बापूकुटी पाहून भारावलेला इव्हान इलिच १९७८ मध्ये तिच्यातल्या जागा मोजतो, तेव्हा न्हाणीघरही मोजतो आणि ते ऐसपैस आहे, असं आवर्जून सांगतो. साधेपणा म्हणजे आंघोळीची कंजुषी नव्हे!

पण मला तिथे टबापेक्षा भिंतीने थांबवलं. घर जवळपासच्या सामानात, गावच्याच हातांनी आणि शंभर रुपयांच्या आत उभं राहावं, ही गांधीजींची अट. म्हणून माती. मातीची भिंत टिकाऊ असते का? एका अर्थाने मुळीच नाही, एक पावसाळा तिला पुरतो. तरी ती कुटी अजून उभी आहे, कारण लेप उतरला की पुन्हा दिला जातो, त्याच मातीचा. खालचा थर खरवडून काढावा लागत नाही आणि विषारी डबा उघडावा लागत नाही. आपल्या आज्यांच्या पितळी पातेल्यांची कल्हईसुद्धा अशीच. कथील झिजणार, हे गृहीत. कल्हईवाला नवसागर टाकणार, कापसाचा बोळा फिरवणार, पातेलं पुन्हा पांढरं.

उलट पीयूचा लेप एका जागी सुटला, की वरून नुसतं डागडुजी करून भागत नाही. बहुधा सगळा काढावा लागतो. म्हणजे पुन्हा रिमूव्हर, पुन्हा टबात वाकलेलं डोकं. आणि पहिल्या वेळी मूळ काच घासून तिची चमक मोडलेली असते, ती काही परत येत नाही. मी हे मैत्रिणीच्या ओट्यावर बसून मांडलं. नवरा म्हणाला, "म्हणजे काहीच नाही करायचं?" मी म्हटलं, आतून जवळजवळ काहीच नाही.

मग केलं काय?

टवक्यांपुरतं काम केलं. उघड्या लोखंडाचा गंज बारीक पेपरने ओलाच घासला, फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावलं, धुऊन पूर्ण कोरडं केलं. मग खड्ड्यांत दोन घटकांची इपॉक्सी लांबी भरून घासून सपाट केली आणि वर त्या न उघडलेल्या किटमधलं पांढरं, लहान ब्रशने. रंग तंतोतंत जुळला नाही. जुनी काच किंचित निळसर, ठिगळं किंचित दुधाळ. शोधलं तर दिसतात. आतल्या बाकीच्या भागाला फक्त गाडीच्या पॉलिशने हात मारला. आरसा नाही झाला, पण हात फिरवला की आता अडत नाही.

बाहेरून मात्र हौस भागवली. गंज काढून झिंक फॉस्फेटचा प्रायमर (दुकानात पिवळा झिंक क्रोमेट पुढे करतात, तो घरात नको, त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे) आणि त्यावर गडद हिरवा. तोच तेलरंग, ज्याला आतून आम्ही नाही म्हटलं होतं. बाहेर त्याला ना साचलेलं पाणी लागतं ना काच, तिथे तो मजेत राहतो. हे सगळं काम भाऊंनीच केलं, ब्रशने, अंगणात. स्प्रेचे पैसे बुडाले म्हणून मजुरी त्यांनी थोडी वाढवून मागितली, आणि ती रास्त होती.

तुमच्या टबाचं इनॅमल खरंच गेलं असेल, तळ सगळा खडबडीत आणि तांबडा असेल, तर ठिगळं लावत बसू नका. तिथे इपॉक्सी प्रायमर आणि पीयू हाच मार्ग. फक्त हिवाळ्यात, उघड्यावर, आणि हवेच्या नळीचा मास्क असलेल्या माणसाकडूनच. असा माणूस नागपूरहून आणावा लागला तरी आणा.

वापराच्या दोन गोष्टी. रबरी चोषकांची मॅट टबात ठेवू नका. ती उचलताना चोषक लेप ओढून काढतात. तारेची घासणी बंद, मऊ फडकं आणि भांड्यांचा पातळ साबण पुरे. आंघोळ झाली की काठ पुसून घ्या, म्हणजे जड पाण्याची पांढरी रेघ धरत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र आजींनी काढला. टब काठोकाठ भरायचा तर दीड-दोनशे लिटर. उन्हाळ्यात नळाची वाट बघणाऱ्या घरात हे कसं परवडणार? सध्या तह असा झालाय, की नातीने कुनेसाहेबांसारखं कमरेपुरतंच पाणी घ्यायचं, आणि भोकाखाली लावलेल्या पाइपातून ते सगळं परसातल्या केळींना जायचं. साबण न लावता बसायचं, ही आजींची खास अट. केळींसाठी.